लेक्साच्या मरणावरून

गंजगोलाईतली दुकाने बंद होऊ लागली की लातूरचा आमचा कट्टा भरतो. परवा पाणी आणि सोयाबीनचा भाव हे नेहमीचे विषय बाजूला पडले, कारण मोबाईल दुरुस्तीचे दुकान चालवणारा आमच्यातला सर्वांत धाकटा गडी 'द हंड्रेड' ही अमेरिकी मालिका दुसऱ्यांदा पाहत होता, आणि बारा टोळ्यांची सेनापती लेक्सा जिथे मरते तिथे त्याने ती दुसऱ्यांदा बंद केली होती.

"लढाईच्या मालिकेत माणसं मरणारच की," मास्तर म्हणाले. समलिंगी पात्राला मरणातून सूट द्यायची म्हणजे त्याला काचेच्या कपाटात ठेवायचे, असे त्यांचे म्हणणे. शिवाय ती भूमिका करणारी अभिनेत्री दुसऱ्या मालिकेत गुंतली होती, म्हणजे लेखकांना तिला कधीतरी निरोप देणे भागच होते. यातले काहीही खोटे नाही. तो भाग पाहताना माझ्याही डोळ्यांत पाणी आले होते, हेही कबूल करायला हवे.

माझी तक्रार मरणाच्या रीतीबद्दल आहे. ३ मार्च २०१६ रोजी दाखवलेल्या त्या भागात कितीतरी अविश्वासानंतर लेक्सा आणि मालिकेची नायिका क्लार्क एकमेकींच्या जवळ येतात, आणि ते सुख अजून पुरते अंगी लागलेले नसताना, लेक्साचा गुरू टायटस क्लार्कवर झाडत असलेल्या गोळ्यांपैकी एक लेक्साला लागते. मास्तरांनी लगेच द्रोणाचार्य काढले. गुरूच्या हातून शिष्याचा घात आपल्याला काय नवा, असे त्यांनी विचारले. पण द्रोणाने अंगठा मागितला तो एकलव्याचाच, आणि एकलव्याने तो आपल्या हाताने कापून दिला. लेक्साच्या वाट्याला ना गुरूचा रोख आला, ना स्वतःचा निर्णय. रणात जिला कोणी हरवले नाही ती दुसऱ्याच्या चुकलेल्या नेमाने गेली.

"आणि हाच चुकलेला नेम दुसऱ्यांदा," वकील म्हणाला. २००२ मध्ये 'बफी' या मालिकेत टारा आणि विलो या दोघी प्रेयसींचा दुरावा मिटतो न मिटतो तोच बफीवर झाडलेली गोळी खिडकीतून टाराला लागते. चौदा वर्षांच्या अंतराने तेच सुख आणि तीच भरकटलेली गोळी. कोर्टात याला योगायोग म्हणून कोणी सोडणार नाही, असे तो म्हणाला. मास्तरांनी विजय तेंडुलकरांच्या १९८१ च्या 'मित्राची गोष्ट' या नाटकाचा दाखला दिला, की तिथेही समलिंगी नायिका मित्रा शेवटी मरतेच. त्यावर वकिलाचे उत्तर मला पटले: तिथे तिची कोंडी कशी होत जाते ते नाटकभर दिसते, म्हणून ते मरण लेखकाची सोय वाटत नाही.

प्रेक्षकांचा संताप एवढा होता की मालिकेच्या कर्त्याला जाहीर माफी मागावी लागली आणि २०२० च्या शेवटच्या भागात लेक्साचे दर्शन पुन्हा घडवले गेले. "मग झालं की समाधान," मास्तर म्हणाले.

इतका वेळ गप्प बसलेल्या धाकट्याने कप खाली ठेवला. "ती लेक्सा नव्हती, मास्तर. न्यायनिवाडा करणारी कुणी दुसरीच शक्ती होती, लेक्साचं नुसतं रूप घेऊन आलेली. मी एवढी वर्षं रात्री कानात हेडफोन घालून जिला बघत होतो, ती तिथं नव्हतीच."

रात्री आणि हेडफोन घालून का, हे त्याला कोणी विचारले नाही. मास्तरांनी त्याच्यासाठी अजून एक अर्धा चहा सांगितला.