तलावाचा रिपोर्ट किती वाजताचा आहे?

परवा सोसायटीच्या ग्रुपवर एकाने व्हिडिओ टाकला. तलावाच्या पायरीवर बसून पाण्यात ते टीडीएसचं (म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं) पेन बुडवलंय, आकडा दोनशेच्याही खाली, आणि खाली लिहिलंय "आपल्या बोअरवेलपेक्षा स्वच्छ!! उगाच बदनामी थांबवा". लगेच अंगठे, जोडलेले हात, "अभिमान आहे ठाणेकर असल्याचा" वगैरे. मी गप्पच बसणार होते कारण ग्रुपवर वाद घातला की नंतर लिफ्टमध्ये तोंडं चुकवावी लागतात, पण रात्री झोप येईना, म्हणून इथे लिहितेय. लांबलंय, चहा घेऊन बसा.

आधी त्या पेनाचं बघू. ते पाण्यातून वीज कितपत जाते एवढंच मोजतं आणि त्यावरून क्षार किती असतील त्याचा अंदाज करून आकडा दाखवतं. घरी करून बघा. एका ग्लासात पाणी घ्या, पेन बुडवा, मग त्यात चमचाभर साखर ढवळून विरघळवा आणि परत बुडवा. आकडा ढिम्म. आता दुसऱ्या ग्लासात चिमूटभर मीठ टाका, आकडा टुणकन वर. म्हणजे ज्याला साधं पाणी आणि साखरेचं पाणी यातला फरक कळत नाही त्याच्याकडून तलावाचं सर्टिफिकेट घेतोय आपण! आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात टीडीएस ५०० पर्यंत चांगला, दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंतही चालवून घेतात, पण ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारा जंतू, १०० मिलीमध्ये एकही चालत नाही. आणि तो पेनाला दिसतच नाही.

मी एवढं ठामपणे बोलतेय कारण २६ वर्षं एका केमिकल कंपनीच्या ईटीपी लॅबमध्ये, म्हणजे कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करतात तिथल्या लॅबमध्ये, घालवलीत. रोज सकाळी इनलेट, आउटलेट, बीओडी, सीओडी (पाण्यातली घाण किती ऑक्सिजन खाईल त्याचे आकडे), पीएच, तेच तेच. आणि एक गोष्ट कबूल करते, तिथे राहून मी पाणी तपासायला शिकले तशी पाणी चांगलं "दिसवायला" पण शिकले. कोणी सॅम्पल घ्यायला येणार असं कळलं की आमचे एअरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारी यंत्रं, आदल्या रात्रीपासून फुल्ल, आणि साहेबांना चहा पाजून मग नेमक्या वेळी आउटलेटवर न्यायचं. कोणी खोटा आकडा लिहीत नव्हतं हां. आकडा खराच. फक्त कुठल्या वेळेचा खरा ते आम्ही ठरवत होतो.

म्हणूनच तलावाचा रिपोर्ट कोणी दाखवला की माझा पहिला प्रश्न असतो, किती वाजता घेतलं सॅम्पल?

आता हे जरा समजावून सांगते कारण सगळी गोम इथेच आहे. तलावात मासे जगतात ते पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनवर, आम्ही त्याला डीओ म्हणतो. साधारण २८ अंशाच्या पाण्यात, हवेशी नीट जमवून घेतलेलं असेल तर, लिटरला पावणेआठ मिलिग्रॅमच्या आसपास मावतो. केंद्रीय प्रदूषण मंडळाने पाण्याचे ए ते ई असे वर्ग केलेत त्यात आंघोळीच्या पाण्याला निदान ५ हवा आणि मासे-बिसे जगायला निदान ४. सोपं वाटतं ना, की जितका जास्त तितकं चांगलं? तसं नाही. ज्या तलावात सांडपाणी येतं तिथे नायट्रेट-फॉस्फेटचं खत आयतंच मिळतं आणि शेवाळ माजतं, ते बारीक हिरवं, पाणी अगदी पालकाच्या सूपासारखं करतं ते. हे शेवाळ दिवसा उन्हात ऑक्सिजन बनवत सुटतं, दुपारी दोन-तीनला डीओ आठच्याही वर, दहाच्याही वर जातो. पण रात्री ऊन नाही, मग तेच शेवाळ ऑक्सिजन ओढायला लागतं, सोबत गाळातले जंतू ओढतायत, मासे ओढतायत, आणि पहाटे उजाडायच्या जरा आधी तळ गाठला जातो. चांगल्या तलावातही पहाटे थोडा कमीच असतो पण थोडाच. आजारी तलावाचं लक्षण म्हणजे हा झोका. दुपारचा डीओ अकरा-बारा मिलिग्रॅम बघून खूश होणं म्हणजे १०४ ताप असलेल्या पोराचे गाल लाल बघून "किती टवटवीत दिसतोय" म्हणण्यासारखं आहे.

आणि सॅम्पल कधी घेतात? ऑफिस उघडणार, गाडी येणार, बाटल्या चढणार, तलावावर पोचेपर्यंत अकरा-साडेअकरा. नेमकं चढत्या उन्हात.

गेल्या डिसेंबरात हे मी स्वतः करून बघितलं. कुठला तलाव ते मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर उपवनवाले म्हणतील आमचा नाही, मासुंद्यावाले म्हणतील आमचाही नाही, आणि गाडी तिथेच अडकेल. ठाण्यात एकेकाळी साठाच्या वर तलाव होते म्हणतात, आता पस्तीसेक उरलेत, त्यातला कुठलाही धरा. जुन्या ओळखीतून काचेच्या बुचाच्या ३०० मिलीच्या चार बीओडी बाटल्या मिळवल्या, तपासणीची दोन रसायनं स्वतः बनवली, आणि पहाटे पावणेसहाला स्वेटर घालून पायरीवर. तिथला वॉचमन जव्हारकडचा, त्याला वाटलं मी निर्माल्य टाकायला आलेय, म्हणे "ताई, कलश तिकडे आहे". म्हटलं पाणी तपासतेय. मग तो बराच वेळ बघत उभा राहिला आणि म्हणाला, "मासे बघायचे असतील तर अजून लवकर यायचं. चार-साडेचारला सगळे वर येतात, आ करून. उजाडलं की जातात खाली. म्हाताऱ्या माणसाला पहाटे दम लागतो ना, तसं." मी २६ वर्षांत डीओबद्दल याहून चांगलं वाक्य ऐकलेलं नाही.

ही तपासणी बघायला खरंच मजा येते. बाटली पाण्याखाली धरून हळूच भरायची, एकही बुडबुडा राहिला नाही पाहिजे, तो राहिला तर हवेतलाच ऑक्सिजन मोजाल. मग दोन मिली मँगनीज सल्फेट, दोन मिली अल्कली आयोडाइड, बूच लावून उलटसुलट करायचं. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका तयार होतो, अगदी चहाच्या चोथ्यासारखा. ऑक्सिजन नसेल तर पांढरा. इथे आकडेमोडीच्या आधीच डोळ्याला कळतं. पहाटेच्या बाटलीत पांढुरका साका हळूहळू खाली बसत गेला, नासलेल्या दुधासारखा, त्यात जेमतेम मातकट झाक. दुपारी अडीचला त्याच पायरीवर, त्याच हाताने, तेवढ्याच खोलीवरून भरलेली बाटली गडद चॉकलेटी. दोन्ही गॅलरीच्या कट्ट्यावर शेजारी शेजारी ठेवल्या तर लेक म्हणाली, आई हे दोन वेगळ्या तलावांचं आहे ना? मग ॲसिड टाकून, हायपो (सोडियम थायोसल्फेट) थेंबाथेंबाने घालत टायट्रेट करून आकडे काढले (स्वयंपाकघरात नाही हो, गॅलरीत, ओरडा आधीच खाऊन झालाय). दुपारचा दोन आकडी आला. पहाटेचा माशांच्या ४ च्या निम्म्यावरही नव्हता.

आता मला सांगा यातला कुठला रिपोर्ट खरा? दोन्ही. फक्त मासे दोन्ही वेळेला तिथेच राहतात.

त्या हुरुपात मी माहितीच्या अधिकारात एका कार्यालयाकडे आधीचे रिपोर्ट मागितले. कुठलं कार्यालय ते जाऊ दे, तिथल्या माणसांशी वैर नाही माझं, बिचारे दोन जणांत दहा जणांचं काम करतात. दीड महिन्याने कागद आले, झेरॉक्सची झेरॉक्स. पीएच आहे, बीओडी आहे, डीओ आहे, सही-शिक्का सगळं आहे. तारीख पण आहे. वेळ? रकानाच आहे, "सॅम्पलची वेळ" असा छापील, आणि प्रत्येक पानावर तो कोरा. एका पानावर तर रेघ मारलीये, जिथे लागू नाही तिथे मारतात तशी. म्हणजे वेळ लागू नाही! जागेच्या रकान्यात नुसतं तलावाचं नाव. तलावात कुठे, पायरीपाशी की नाला येतो त्या कोपऱ्यात की मध्यभागी, वरचं पाणी की खालचं, काही नाही. अहो वर जाऊ दे, दीड मीटर खाली गाळाजवळ गेलात तर दुपारीसुद्धा ऑक्सिजन सापडणार नाही कदाचित, काठी घालून गाळ ढवळा, सडक्या अंड्याचा वास येतो का बघा, आला तर त्याला लॅब लागत नाही.

आणि मग दर एक-दोन वर्षांनी मासे मरतात. पावसाळ्याच्या तोंडाला दोन-तीन दिवस आभाळ गच्च भरून राहतं, ऊन नाही म्हणून शेवाळाला दिवसाही कमाई नाही आणि रात्रीचा खर्च चालूच, वर पहिल्या सरीने रस्त्यावरची सगळी घाण वाहून आणलेली. सकाळी पांढऱ्या पोटांचा खच. मग बातमी येते की "कुणीतरी विष टाकल्याचा संशय". बहुतेक वेळा कुणी विष टाकलेलं नसतं हो, उधारीवर चाललेला धंदा दोन दिवस दुकान बंद राहिलं की बसतो तसं बसलेलं असतं ते. त्यानंतर अकरा वाजता सॅम्पल घेतलं जातं आणि तोवर जरा ऊन पडलेलं असतं, म्हणून डीओ "समाधानकारक".

सुशोभीकरणावर मी बोलणार नव्हते पण आता विषय निघालाच. कारंज्यांना माझा विरोध नाही, उलट कारंजं पाणी उडवतं तेव्हा हवा मिसळते, ते एअरेटरचंच काम करतं. पण चालू कधी असतं? संध्याकाळी सात ते नऊ, गाण्यावर, लाल-निळ्या लाइटमध्ये, माणसं भेळ खात बघत असतात तेव्हा. दिवसभर ऊन खाऊन पाण्यात ऑक्सिजन भरपूर असतो तेव्हा चालू, आणि पहाटे तीन ते सहा, माशांचा जीव कंठाशी आलेला असताना बंद. टायमरचे दोन आकडे बदलायचे आहेत फक्त. लाइट-गाणी नका लावू पहाटे, नुसतं पाणी उडू दे. हे मी एका बैठकीत बोलले तर समोरचा गृहस्थ म्हणाला, मॅडम पण पहाटे बघायला कोण येणार? यावर काय बोलायचं!

विसर्जनाचं म्हणाल तर तिथे मात्र कागदावर नियम चांगला आहे, विसर्जनाच्या आधी, विसर्जन चालू असताना आणि नंतर अशा तीन वेळा पाणी तपासा असं केंद्रीय मंडळ सांगतं, आणि कृत्रिम तलाव ठाण्याने बरेच लवकर सुरू केले त्याचं कौतुकच आहे. पण तो दहा दिवसांचा मामला. नाल्याचं विसर्जन रोज असतं.

जंतूंचं राहिलं. त्याला लॅब लागतेच असं नाही. एक छोटी बाटली मिळते, आत औषध लावलेली कागदाची पट्टी असते, खुणेपर्यंत पाणी भरायचं आणि उबेत ठेवून द्यायची, एक-दोन दिवसांत काळी पडली तर समजायचं पाण्यात विष्ठेची घाण आहे. १९८२ साली ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतल्या के. एस. मांजा आणि सहकाऱ्यांनी शोधलेली, आपलीच, आणि अख्ख्या जगात वापरली गेली. माझी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शाईसारखी काळी. तलावाचं पाणी कोणी पीत नाही हे मला कळतं, पण पायरीवर बसून पाय सोडणारी पोरं आहेत, काठावर भांडी विसळणाऱ्या गाड्या आहेत, गळ टाकून बसणारे आहेत आणि ते मासे घरी जातात.

आणि इथे मला खरी चीड येते. २०१९ पासूनच्या जलजीवन मिशनमध्ये गावागावात पाच-पाच बायकांना पाणी तपासायचं ट्रेनिंग देतात, किट देतात. माझी मावसबहीण तिकडे शहापूरच्या पुढे राहते, दहावी पास, तिला क्लोरीन, पीएच, नायट्रेट, काळी बाटली सगळं येतं, वहीत तारीख-वेळ-विहीर लिहून ठेवते, मी वही बघितलीये, एकही रकाना कोरा नाही. आणि आपल्या शहरात इंजिनियरांचा सुकाळ, ग्रुपवर दोनशे मेंबर, त्यात बीएस्सी केमिस्ट्री निदान पंधरा, आणि आपण पेन बुडवून अभिमान बाळगतोय.

साधी गोष्ट करायची आहे. एका तलावाच्या तीन जागा ठरवायच्या, पायरी, नाल्याचं तोंड आणि बोटीचा धक्का. महिन्यातून एकदा पहाटे आणि त्याच दिवशी दुपारी. डीओ, पीएच, काळी बाटली, आणि पाण्याचा गढूळपणा बघायला स्टीलची डिश. हो डिश. तिला काळे-पांढरे चार भाग रंगवायचे, दोरी बांधून पाण्यात सोडायची आणि कुठल्या खोलीवर दिसेनाशी होते ते मोजायचं. १८६५ साली सेक्की नावाच्या इटालियन पाद्रीबुवांनी पोपच्या जहाजावरून पांढरी तबकडी सोडून हेच केलं होतं, काळे-पांढरे भाग नंतर आले, पण पद्धत अजूनही जगभर तीच. माझी डिश आमच्या लग्नातल्या सेटमधली आहे, सहातली एक तशीही हरवली होती, आता चार उरल्या.

दोन जण तयार झालेत, एक निवृत्त मास्तर आणि एक अकरावीतली मुलगी. वॉचमनदादा बॅटरी घेऊन थांबतो म्हणालाय. या रविवारी जाणार आहोत. यायचं असेल तर पावणेसहा म्हणजे पावणेसहा, साडेसहाला मॉर्निंग वॉक उरकून याल तर बाटली भरून झालेली असेल. ज्याने व्हिडिओ टाकला त्यालाही निरोप दिलाय, पेन आण म्हटलं, आणि येताना एक पुडी साखर पण.