आधी कृत्य बघा, मग कलम लावा

बेळगावात भाषेवरून काही घडलं की दुसऱ्या दिवशी दोन्ही बाजूंची मागणी एकच असते: कडक कलमं घाला, जामीन मिळता कामा नये. फेब्रुवारी 2025 मध्ये मराठी येत नाही या वादातून बस कंडक्टरला मारहाण झाली, उलट त्याच्यावर पोक्सोखाली (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) तक्रार झाली, दोन्ही राज्यांच्या बस थांबल्या. इथे कार्डिफमध्ये आमच्या गावच्या ग्रुपवर मी हेच वाचत होते. ड्युटीवरच्या कंडक्टरला मारणं हा गुन्हाच आहे, आणि भाषेच्या अभिमानाचं पांघरूण त्यावर घालू नये. पण गुन्हा किती मोठा हे झालेल्या इजेवरून ठरावं, मारणारा कुठल्या झेंड्याखाली उभा होता यावरून नव्हे.

1 जुलै 2024 पासून जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे. गुन्हा दखलपात्र (म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) की अदखलपात्र, जामीनपात्र की अजामीनपात्र, हे सोबतच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या पहिल्या अनुसूचीत दिलंय. ती एकदा वाचाच. दंगल, कलम 191: दोन वर्षांपर्यंत कैद, जामीनपात्र. भाषा, धर्म, जन्मस्थान यांवरून गटागटांत वैर वाढवणं, कलम 196: तीन वर्षांपर्यंत, अजामीनपात्र. म्हणजे नुसतं दंगलीचं कलम लागलेल्याला जामीन हक्कानं मिळतो, आणि घोषणा देणाऱ्याला कोर्टापुढे हात जोडावे लागतात. सीमाभागात कुठली घोषणा भाषेशिवाय असते? 196 खालच्या खटल्याची दखल घ्यायला कोर्टाला सरकारची मंजुरी लागते, अटकेला मात्र लागत नाही. मंजुरीचा कागद हलेपर्यंत पोरगा हिंडलग्याच्या जेलमध्ये राहून आलेला असतो.

डिसेंबर 2021 मध्ये बेळगावात संगोळ्ळी रायण्णांच्या, म्हणजे इंग्रजांविरुद्ध लढलेल्या कन्नड वीराच्या, पुतळ्याची विटंबना झाली. ते कृत्य निंद्यच होतं. पण आरोपींवर राजद्रोहाचं कलमही लागलं. पुढे मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या कलमाचा वापर थांबवला. आता ते नाव गेलंय, तरी सार्वभौमत्व धोक्यात आणण्याचं कलम 152 आहेच, शिक्षा जन्मठेपेपर्यंत.

मी राहते त्या वेल्समध्येही हे भांडण झालंय. 1970 च्या आसपास तरुणांनी फक्त इंग्रजीतल्या रस्त्यांच्या पाट्यांना रंग फासला, काही उखडल्या. दंड झाले, तुरुंगवास झाला, कटाचेही खटले चालले. देशद्रोही मात्र कुणी ठरलं नाही. 1972 मध्ये सरकारी समितीनंच दोन्ही भाषांत पाट्या असाव्यात असं सांगितलं, आणि आज माझ्या गल्लीच्या तोंडाशी तशीच पाटी आहे. राजद्रोहाचा गुन्हा ब्रिटननं 2009 च्या कायद्यानं रद्दच केला. खुनासारखे मोजके अपवाद सोडले तर जामीन हाच इथला नियम, नाकारायचा तर कोर्टाला कारण द्यावं लागतं. 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेला बेळगावजवळच्या येळ्ळूरचा फलक 2014 मध्ये काढला तेव्हा गावात लाठ्या चालल्या. ते आठवलं की हा फरक फार सलतो.

माझ्या मावसभावावर बेकायदा जमावाची केस आहे. पाच किंवा जास्त माणसं बेकायदा उद्देशानं जमली की हे कलम लागतं. शिक्षा फार तर सहा महिने, जामीनपात्र. तरी वर्षानुवर्षं तारखा चालल्यात. दर तारखेला तो दुकान बंद ठेवून कोर्टाच्या व्हरांड्यात बसतो. दोषारोपपत्र कन्नडमध्ये, ते वकिलाकडून वाचून घ्यावं लागतं. पासपोर्टचा अर्ज केला तर पोलीस पडताळणीत हीच केस आडवी आली. गुन्हा कागदावर हलका आहे, त्याच्या संसारावर नाही.

महाराष्ट्र एकीकरण समिती असो वा कन्नड संघटना, मोर्च्यात 'कडक कलम' मागायचं थांबवा. त्याऐवजी दोन गोष्टी मागा. 196 खाली अटकेआधीच सरकारची मंजुरी लागावी. आणि ज्यात कुणाला इजा झाली नाही, अशा आंदोलनांच्या जुन्या केसेस सरकारी वकिलांनी कोर्टाच्या संमतीनं मागे घ्याव्यात, मराठी आणि कन्नड दोन्ही पोरांवरच्या. कायद्यात ती सोय आजही आहे.