वही कोण तपासणार?

आज मुलाच्या शाळेतील पालक सभेतून परतलो तो डोके तापवूनच. पुढील वर्षापासून पाचवी ते दहावीच्या सर्व वर्गांसाठी एकच ऑनलाइन प्लॅटफॉर्म घ्यायचा, असे व्यवस्थापनाने जवळजवळ ठरवून टाकले आहे. त्यासाठी आलेल्या कंपनीच्या प्रतिनिधीने पडद्यावर तासभर रंगीत आलेख दाखवले: कोणत्या मुलाने किती मिनिटे व्हिडिओ पाहिले, किती चाचण्या दिल्या, किती बॅज मिळवले. पालक माना डोलावत होते. मुलाचे उत्तर चुकले तर ते का चुकले हे कोण पाहणार, असे मी विचारले, तेव्हा "सिस्टिम आपोआप पुढचा व्हिडिओ सुचवते, सर" एवढे उत्तर मिळाले आणि चर्चा फीच्या हप्त्यांकडे वळली.

मला त्या वेळी बार्शीजवळच्या गावात राहणारी माझी भाची आठवत होती. गेल्या वर्षी तिच्या वडिलांनी कर्ज काढल्यासारखे पैसे जमवून तिला असेच एक नावाजलेले अ‍ॅप घेऊन दिले. ७ − २(क्ष − ३) हे उदाहरण ती ७ − २क्ष − ६ असे सोडवी. अ‍ॅप लाल फुली दाखवी, तोच व्हिडिओ पुन्हा लावी आणि मुलगी तो मुकाट्याने पुन्हा पाही. व्हिडिओत काही खोट नव्हती, शिकवणाऱ्या बाईंचा आवाजही गोड होता. पण पोर नेमकी कुठे अडली आहे हे त्या बाईंना कळण्याचा काही मार्गच नव्हता.

चांगल्या प्लॅटफॉर्मच्या शोधात आपण सगळे आहोत, आणि तो शोध व्यर्थ आहे असे मी मुळीच म्हणत नाही. उलट फुकट आणि उत्तम असे इतके काही उपलब्ध असताना आपण विकत काय घेतो आहोत, हेच मला समजत नाही. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाने आपल्या अभ्यासक्रमांचे साहित्य सर्वांसाठी खुले करण्याची घोषणा केली ती २००१ मध्ये. आपल्या आयआयटींचा एनपीटीईएल हा ऑनलाइन व्याख्यानांचा उपक्रम २००३ पासून चालू आहे. 'स्वयम' आणि 'दीक्षा' हे दोन्ही सरकारी प्लॅटफॉर्म २०१७ मध्ये आले, आणि बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड मोबाइलने टिपला की 'दीक्षा'वरचे साहित्य समोर येते. आजच्या सभेत या कोडचा उल्लेख एकानेही केला नाही. दप्तरात आधीच असलेल्या वस्तूवर कमिशन मिळत नाही, हे त्याचे कारण असावे, असे मी रागात म्हणतो आहे. कदाचित कोणाच्या ध्यानातच आले नसेल.

मोफत शैक्षणिक व्हिडिओंच्या ज्या खान अकॅडमीचे उदाहरण प्रतिनिधीने दोनदा दिले, तिची सुरुवात तरी कशी झाली? तिचे संस्थापक सलमान खान यांनी २००४ मध्ये आपल्या नादिया या नात्यातल्या बहिणीला दूरवरून, फोनवर बोलत गणित शिकवायला घेतले. एकमेकांचे लिहिलेले दिसावे म्हणून जोडीला संगणकावरची साधी पाटी होती. यूट्यूबवरचे व्हिडिओ त्यानंतर आले. म्हणजे आधी एक अडलेली मुलगी होती आणि तिचे अडणे ऐकून घेणारा एक माणूस होता. आपल्याकडच्या विक्रेत्यांनी त्यातला व्हिडिओ तेवढा उचलला आणि माणूस खर्चिक म्हणून वगळला.

हे खरे आहे की जिथे विषयाचा शिक्षकच नाही, तिथे व्हिडिओ हाच आधार असतो. २०२० च्या टाळेबंदीत सह्याद्री वाहिनीवरील 'टिलीमिली' कितीतरी घरांत पाहिली गेली, हेही मान्य. पण ती मालिका मुलांना घरातल्याच वस्तू घेऊन, घरच्यांच्या सोबतीने काहीतरी करून पाहायला सांगत असे. पडद्यासमोर किती मिनिटे बसलात, याचा हिशेब ठेवत नसे.

भाचीची गोष्ट अर्धीच राहिली. दिवाळीच्या सुट्टीआधी तिच्या शाळेतील गणिताच्या सरांनी तिची वही सहज चाळली. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवले आणि विचारले, "बाळ, कंसाबाहेरचे वजा दोन फक्त क्षलाच गुणतेस का? तीनच्या मागेही वजा आहे, त्याचे काय होईल?" ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग तिने स्वतःच अधिक सहा लिहिले. हे ताईने मला फोनवर सांगितले तेव्हा तिला हसू येत होते आणि माझा मात्र संताप होत होता, कारण अ‍ॅपचे हप्ते अजून चालूच होते. आता हे लिहिताना तो संताप थोडा निवळला आहे. त्या सरांच्या वर्गात साठांवर मुले आहेत आणि निवडणुकीपासून सर्वेक्षणापर्यंतची कामे त्यांच्याच गळ्यात पडतात. तरीही ते वह्या पाहतात.

आमच्या शाळेने प्लॅटफॉर्म अवश्य घ्यावा, पण त्यात मुलाने वहीचा फोटो पाठवण्याची आणि आपल्याच शिक्षकाने त्यावर दोन ओळी लिहिण्याची सोय असावी, आणि त्या दोन ओळींसाठी शिक्षकाला वेळापत्रकात आठवड्याला दोन तासिका मोकळ्या मिळाव्यात. मूडल हे असे ऑनलाइन वर्ग चालवण्याचे मुक्त स्रोत (ओपन सोर्स) सॉफ्टवेअर असून ते घ्यायला परवाना शुल्क लागत नाही. ते चालवायला सर्व्हर आणि जाणकार माणूस लागतो, तो खर्च होईलच; उरलेल्या पैशांत वह्या तपासायला एक जादा शिक्षक नेमता येईल. मुख्याध्यापिकांना द्यायचे पत्र मी आज रात्रीच लिहून ठेवतो आहे. या शाळेचे जे पालक ही पोस्ट वाचत असतील, त्यांनी शनिवारच्या बैठकीआधी त्यावर सही करावी, आणि ज्यांना माझे म्हणणे पटत नाही त्यांनी निदान त्या प्रतिनिधीला, मुलाचे उत्तर का चुकले हे कोण पाहणार, हाच प्रश्न पुन्हा विचारावा.