‘भरात तोंडून जातं’ म्हणणाऱ्या मित्रांना

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या फुटबॉलवेड्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर फिरत असतो. म्हणणं एवढंच: प्रेक्षक तापले की तोंडाला येईल ते ओरडतात, काळ्या खेळाडूला चिडवलं म्हणून लगेच वर्णद्वेषाची बोंब नको, ही युरोपची भानगड, आपल्याकडे असलं काही नाही, आणि एवढ्या गर्दीत धरणार कुणाला? तो पुढे ढकलणाऱ्यांत माझे जवळचे मित्र आहेत, म्हणून गप्प बसवत नाही.

भरात शिवी जाते, हे खरं. पेनल्टी नाकारली की पंचाच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. तेही वाईटच, पण तो राग निदान निर्णयावरचा असतो. माकडाचे आवाज काढताना राग कशाचा असतो? तो पोरगा थ्रो घ्यायला रेषेवर आलेला असतो, एवढंच. गावच्या मैदानावर जाळी नसते, लोक चुन्याच्या रेषेला पाय लावून उभे राहतात. तो चेंडू डोक्यावर धरून उभा, आणि त्याच्या मानेमागे हातभर अंतरावर चार जण ‘हू हू’ करतात. त्याला ऐकू जावं म्हणूनच करतात. ११ जुलै २०२१ ला युरोच्या, म्हणजे युरोपीय देशांच्या स्पर्धेच्या, अंतिम सामन्यात इंग्लंडच्या रॅशफर्ड, सँचो आणि साका या तीन काळ्या खेळाडूंच्या पेनल्टी हुकल्या. राग हुकलेल्या पेनल्टीचा असता, तर लोक त्यांच्या नेमाला नावं ठेवून थांबले असते. इंटरनेटवर घाण ओतली गेली ती त्यांच्या कातडीवर.

‘खेळाडू पैसे घेतात, मग ऐकून घ्यावं,’ असंही काही जण म्हणतात. पैसे खेळायचे घेतात.

आता ‘आपल्याकडे नाही’ याबद्दल. मार्च २०२४ मध्ये केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यात, अरीकोडला, सेव्हन्सच्या (सात-सात जणांच्या फुटबॉलच्या) सामन्यात आयव्हरी कोस्टच्या एका खेळाडूचा जमावाने पाठलाग करून त्याला मारलं. त्याचा व्हिडिओ देशभर फिरला. आधी वर्णावरून हिणवलं आणि दगड मारले, असं त्याने पोलिसांकडे दिलेल्या तक्रारीत म्हटलं. मलप्पुरम म्हणजे फुटबॉलवर जीव टाकणारा मुलूख. तिथे हे होतं, तर आपण कोण लागून गेलो?

आणि लांब कशाला जायचं? खानापूरच्या जंगलपट्ट्यात, पलीकडे हल्याळ-यल्लापुरात सिद्दी राहतात. पोर्तुगीजांनी गोव्यात गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकनांचे ते वंशज. पिढ्यान्‌पिढ्या इथलेच, कोकणी, मराठी, कानडी बोलणारे. रेषेवरून ‘ए आफ्रिका’ म्हणून ओरडता, तेव्हा समोरचा पोरगा खानापूर तालुक्यातला असू शकतो. आफ्रिकेहून खेळायला आलेल्याला तसं म्हटलं तर चालतं, असं मुळीच नाही. पण ‘हा प्रश्न आपला नव्हे’ हे म्हणणं इथेच कोसळतं. भाषेवरून कुणी हिणवलं तर ते किती खोल लागतं, हे आपल्या सीमाभागातल्या मराठी माणसाला कुणी शिकवायला नको. तोच माणूस रंगावरून हिणवणाऱ्यांच्या घोळक्यात उभा दिसतो, याचं मला फार वाईट वाटतं.

राहिला ‘धरणार कुणाला’ हा प्रश्न. २१ मे २०२३ ला स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाच्या मेस्ताया स्टेडियमवर रेआल माद्रिदचा काळा ब्राझिलियन खेळाडू विनिसियस याने गोलमागच्या गर्दीतला, वर्णावरून शिव्या देणारा माणूस बोटाने दाखवला. जून २०२४ मध्ये तिघांना आठ महिन्यांची कैद आणि दोन वर्षं स्टेडियमबंदी झाली. मैदानावरच्या वर्णद्वेषी शिव्यांसाठी स्पेनमधली ही पहिली शिक्षा. फुटबॉल सामन्यांतल्या गुन्ह्यांबद्दलच्या इंग्लंडच्या १९९१ च्या कायद्यात आधी दोघांनी मिळून वर्णद्वेषी ओरडलं तरच गुन्हा होता. १९९९ मध्ये दुरुस्ती झाली, आता एकट्याने ओरडलं तरी होतो. आपल्याकडे बेळगाव जिल्ह्यातले सिद्दी २०२० पासून अनुसूचित जमातींच्या यादीत आहेत. अशा खेळाडूला जातीवरून चारचौघांत मुद्दाम अपमानित केलं, तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू शकतो. गर्दीत होतो, ही सबब तिथे चालत नाही.

शिवाय प्रत्येक वेळी पोलीसच लागतात असंही नाही. फुटबॉलमध्ये तीन पायऱ्यांचा नियम आहे: पंच खेळ थांबवून घोषणा करायला लावतो, तरी आवाज आले तर संघांना आत पाठवतो, तरीही थांबले नाहीत तर सामना रद्द. पहिल्या पायरीला लागतो फक्त माईक, आणि आपल्या स्पर्धांत समालोचकाच्या हातात तो पहिल्या शिट्टीपासून असतो. आयोजकांनी त्याला या घोषणेचं एक वाक्य आधीच लिहून द्यावं, मराठीत आणि कानडीतही.