हार्टसाठी शेवाळाच्या कॅप्सूल, म्हणे

नवी मुंबईत नेरुळला ज्वेल बागेच्या ट्रॅकवर सकाळी चालायला जा, एक राउंड पूर्ण व्हायच्या आत कोणीतरी काका खिशातून डबी काढणारच. "घेऊन बघा हो, समुद्री शेवाळ आहे, जपान्यांना उगाच हार्ट अटॅक येत नाहीत का?" येतात हो काका, कमी येतात एवढंच.

जपानचा तो 2019 चा अभ्यास खरा आहे, 86 हजारांवर माणसं, साधारण 20 वर्षं लक्ष ठेवलं, आणि जवळजवळ रोज शेवाळ खाणाऱ्यांमध्ये हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार कमी दिसला (स्ट्रोकमध्ये मात्र फरक नाही, हे डबीवाले सांगत नाहीत). पण ते लोक शेवाळ जेवणात खातात, सूपमध्ये, भातासोबत, वर मासे, सोयाबीन, मग श्रेय नक्की कोणाला द्यायचं? कॅप्सूलचा तर त्यात संबंधच नव्हता.

मला खरी काळजी आयोडीनची वाटते. मोठ्या माणसाला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम पुरतं आणि आपल्या घरात आयोडीनवालं मीठ आहेच. नोरीत (सुशीला गुंडाळतात ते पातळ शेवाळ) आयोडीन तसं कमी, पण केल्प जातीच्या मोठ्या तपकिरी शेवाळात एका ग्रॅममध्ये हजार मायक्रोग्रॅमच्याही वर जाऊ शकतं, शिवाय प्रत्येक लॉटमध्ये वेगळं. एवढं रोज पोटात गेलं की थायरॉइड बिघडू शकतो, कोणाचा मंदावतो तर कोणाचा सुसाट सुटतो, आणि सुटला की छातीत धडधड, ठोके अनियमित, वयस्कर माणसात तर एट्रियल फिब्रिलेशनही (हृदयाचे वरचे कप्पे बेताल थरथरणं) होऊ शकतं. हार्टसाठी घेतलेली गोळी हार्टच्याच मुळावर, याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण!

रक्त पातळ करायची वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल तर अजून जपा, शेवाळात व्हिटॅमिन के असतं, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) हलू शकतो. कार्डिओलॉजिस्टला विचारायला लोक लाजतात का कळत नाही, "नॅचरल आहे, काय विचारायचं त्यात."

हार्टसाठी ओमेगा थ्री (माशांतलं चांगलं फॅट) हवं असेल तर बांगडा, तारली खा ना, बेलापूरजवळ दिवाळे गावाच्या जेट्टीवर ताजी मासळी मिळते. शाकाहारी असाल तर अल्गी ऑइल मिळतं, पण ते सूक्ष्म शेवाळाचं तेल, केल्पच्या पावडरशी त्याचं काही नातं नाही.

आता कमेंटमध्ये भांडायला येणाऱ्यांनी आधी आपली डबी उलटी करून आयोडीन किती लिहिलंय त्याचा फोटो टाकावा, मग बोलू.