महोत्सव अपंगांचा, सोय आपली

अपंगांच्या जीवनावरचा चित्रपट महोत्सव भरवायचा ठरवलंत, उत्तम केलंत. जगात १३० कोटी माणसं, म्हणजे सुमारे १६ टक्के लोक, कुठल्या ना कुठल्या अपंगत्वासह जगतात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. विषयाला तोटा नाही. काळजी एकच घ्यायची, विषय पडद्यावरच राहिला पाहिजे. तो सभागृहात शिरला की रुंद दरवाजा मागतो, मग समितीवर खुर्चीसुद्धा मागतो. (स्वतःची खुर्ची बरोबर घेऊन आलेला असतो, तरी मागतो.)

तारीख ३ डिसेंबर ठेवा. संयुक्त राष्ट्रांनी १९९२ साली हा दिवस अपंगांच्या नावे करून दिला, तो आपल्या फार उपयोगी पडतो. वर्षभराचा कळवळा एका दिवसात उरकतो आणि ४ तारखेला सभागृह रिकामं करून देता येतं.

निवड समितीत नामवंत दिग्दर्शक घ्या, समीक्षक घ्या, देणगीदार आणि जमल्यास देणगीदाराची सून घ्या. अपंग माणूस घ्यायचा मोह मात्र टाळा. इंग्लंडमध्ये ब्रायटनला २००४ पासून 'ऑस्का ब्राइट' नावाचा महोत्सव भरतो. तिथे बौद्धिक अक्षमता असलेली माणसंच चित्रपट निवडतात आणि कारभारही तीच बघतात. आता मला सांगा, मग आपण करायचं काय? अमेरिकेतलं 'सुपरफेस्ट' तर १९७० पासून चालू आहे. तिथल्या मंडळींनी एकदा अपंगत्वाच्या वाईटात वाईट चित्रणांना बक्षिसं वाटली. असली माणसं समितीत आली तर तुमचा उद्घाटनाचा चित्रपट कुठल्या यादीत जाईल, विचार करा.

चित्रपट निवडणं सोपं आहे. फक्त शेवट बघा. नायक बरा झाला, शिखर चढला किंवा मेला, तर चित्रपट घ्या. नायक शेवटपर्यंत बस थांब्यावरच आहे, बसची पायरी उंच म्हणून तीन बस सोडतो आणि चौथीच्या कंडक्टरशी कचाकचा भांडतो, असं असेल तर नको. त्यात प्रेरणा नाही. शिवाय परिवहन खात्याचे साहेब पहिल्या रांगेत बसलेले असतात.

भूमिका धडधाकट नटानेच केलेली बरी. तो चित्रपट संपल्यावर उठून चालायला लागतो, म्हणून तर अभिनय कळतो. खऱ्या अपंगाने काम केलं की घोळ होतात. हॅरॉल्ड रसेल यांचे दोन्ही हात लष्करी प्रशिक्षणातल्या अपघातात गेले होते. १९४६ च्या एका चित्रपटात त्यांनी हात गमावलेल्या सैनिकाचं काम केलं. अभिनयाचं ऑस्कर यांना काही मिळायचं नाही, असं धरून अकादमीने माजी सैनिकांना आशा आणि धैर्य दिल्याबद्दल एक मानाचं ऑस्कर तयार ठेवलं. ते देऊन झालं आणि त्याच रात्री सहायक अभिनेत्याचं ऑस्करही त्यांनाच मिळालं. एका कामाला दोन बाहुल्या! प्रेरणेचं बक्षीस दिल्यावर माणसाने समाधान मानून घरी जावं, एवढीही रीत पाळली नाही.

वक्ते निवडताना स्टेला यंग यांच्यासारखं कुणी येत नाही ना, हे बघा. ऑस्ट्रेलियातल्या या विनोदी कलाकार व्हीलचेअर वापरत. २०१४ च्या भाषणात त्यांनी सरळ सांगून टाकलं की जिन्याकडे बघून कितीही हसलं तरी त्याचा रॅम्प होत नाही. आपल्याकडे हसूही आहे आणि जिनाही आहे. अशा वक्त्याला बोलावून उगाच दोन्हींचा अपमान कशाला?

आता सभागृह. रॅम्प हवाच, निमंत्रणपत्रिकेवर त्याचं चिन्ह छापायचं असतं. तो मागच्या बाजूला, सामान उतरवायच्या दारापाशी असावा आणि शोभेसाठी त्यावर कुंड्या मांडाव्यात. अपंगांचं स्वच्छतागृह दाखवायला कुलूपबंद ठेवा. आत शिडी, दोन मोडक्या खुर्च्या आणि मागच्या वर्षीचा 'सर्वांसाठी खुलं दालन' असा गुंडाळलेला फलक. भिंतीवरच्या आधाराच्या दांडीवर फरशीचं फडकं छान वाळतं. किल्ली वॉचमनकडे आणि वॉचमन जेवायला.

अंध प्रेक्षकांसाठी ऑडिओ डिस्क्रिप्शनचे, म्हणजे पडद्यावर काय चाललंय ते कानात सांगणारे, हेडफोन जरूर आणा. बॅटऱ्या पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात घ्या. बहिऱ्या प्रेक्षकांसाठी सांकेतिक भाषेचा दुभाषी लागतो. हे काम इतकं दमवणारं असतं की जाणकार संयोजक दोन दुभाषी बोलावतात आणि ते साधारण वीस-वीस मिनिटांनी जागा बदलतात. तुम्ही एकच बोलवा. त्याला कोपऱ्यात, अंधारात, फुलांच्या कमानीआड उभा करा. तिसऱ्या तासाला प्रमुख पाहुणे दहा मिनिटं बोलतात आणि याचे हात दोनदाच हलतात. बहिऱ्या प्रेक्षकांना तेवढा अर्थ पुरतो. खरं सांगायचं तर भाषणात असतोही तेवढाच.

व्यासपीठाचं मात्र मनाला लावून घेऊ नका. जाणकार १:१२ चा उतार सांगतात, म्हणजे तीन फूट उंच व्यासपीठाला छत्तीस फुटांचा रॅम्प. तेवढ्यात आपली देणगीदारांची पहिली रांगच जाते! उपाय म्हणजे चार दणकट स्वयंसेवक. विजेत्याला खुर्चीसकट उचलायचं, फोटोही झकास येतो. मोटरची व्हीलचेअर असेल तर ती एकटीच शंभर किलोच्या पुढे जाऊ शकते, तेव्हा स्वयंसेवकांचा विमा काढून ठेवा. विजेत्याला विचारत बसू नका, तो नको म्हणतो. आणि लाज कसली? २०१९ साली न्यूयॉर्कमध्ये अ‍ॅली स्ट्रोकर नाटकांसाठीचा टोनी पुरस्कार जिंकणाऱ्या पहिल्या व्हीलचेअर वापरणाऱ्या अभिनेत्री ठरल्या, तेव्हा प्रेक्षागृहातून व्यासपीठावर जायला रॅम्पच नव्हता. त्या आधीपासून पडद्यामागे थांबल्या होत्या. एवढ्या मोठ्या लोकांना जमलं नाही, आपण कोण लागून गेलो?

चित्रपटानंतर प्रश्नोत्तरं होतात. दिग्दर्शिका स्वतः व्हीलचेअरवर असतील तर प्रश्न त्यांच्या मागे उभ्या असलेल्या मदतनिसाला विचारा. "ह्यांना हे सुचतं कसं हो?" एवढा एक प्रश्न पुरे. कॅमेरा कुठला, संकलनाला किती दिवस लागले, पुढच्या चित्रपटाला पैसे कोण देणार, असले प्रश्न कुणी काढले तर माईक बिघडला म्हणून सांगा. शेवटच्या प्रश्नावर तर त्या तुमच्याकडेच बघतील.

सगळं पार पडल्यावर देणगीदारांना अहवाल द्यायचा असतो. त्यात 'सहभागी अपंग व्यक्तींची संख्या' असा एक छळवादी रकाना असतो. सभागृहात मोजायला जाऊ नका, आकडा भलताच छोटा येतो. पडद्यावरचे मोजा. आणि एखादा चित्रपट दोनदा दाखवला असेल, तर त्यातले दोनदा.