म्हणे पीएचडी सोडा, कंपनी काढा!

भाचीने परवा एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारलं, "मामा, खरंच सोडू का?" पोरगी पीएचडीच्या चौथ्या वर्षात आहे, प्रयोग अडकलेत, गाइड मेलला उत्तर देत नाहीत. अशा वेळी ‘तरुण शास्त्रज्ञांसाठी पाच कटू सत्यं’ हाती पडली की कोणीही वाहवेल. तिच्याशी बोललो, पण तो मजकूर अजून फिरतोय, म्हणून इथे लिहितो.

"उद्योजकता रक्तात असावी लागते, शिकवता येत नाही." निम्मं खरं आहे, बरं. दोन दिवसांचं शिबिर, भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या आणि शेवटी प्रमाणपत्र, एवढ्याने कोणी उद्योजक होत नाही. पण शिकवण्याची हीच एक पद्धत आहे का? अमेरिकेत संशोधनाला पैसा देणाऱ्या नॅशनल सायन्स फाउंडेशन या सरकारी संस्थेने 2011 मध्ये आय-कॉर्प्स हा उपक्रम सुरू केला. त्यात संशोधक विद्यार्थी, त्याचे प्राध्यापक आणि धंद्यातला एक जाणकार असा गट करतात आणि सात आठवड्यांत शंभरेक संभाव्य ग्राहकांना भेटायला लावतात. ‘आमचा सेन्सर घ्याल का?’ असं विचारलं तर समोरचा भिडेखातर हो म्हणतो. ‘मागच्या वेळी मशीन बंद पडलं तेव्हा काय केलंत? किती तास गेले? दुरुस्तीच्या बिलावर सही कोणाची होती?’ असं विचारलं की खरं बाहेर पडतं. हे विचारणं सरावाने येतं, रक्ताचा काही संबंध नाही. आणि "कल्पना कोणालाही सांगू नका" हे दुसरं सत्यही इथेच निकालात निघतं. यंत्राची आतली गुपितं न सांगताही गिऱ्हाइकाची अडचण विचारता येते की!

आता ज्याने माझं डोकं फिरलं तो मुद्दा. "गेट्स, झुकरबर्ग यांनी कॉलेज सोडलं. तिशीनंतर उशीर झालेला असतो." पिएर अझुले हे अर्थशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या जनगणना खात्याच्या नोंदी घेऊन सुमारे 27 लाख संस्थापकांची वयं तपासली, निबंध 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. कंपनी काढतानाचं सरासरी वय निघालं 42. सगळ्यात वेगाने वाढलेल्या, हजारात एक अशा कंपन्यांच्या संस्थापकांचं 45! शिवाय त्याच क्षेत्रात आधी काम केलेल्यांना यश मिळण्याची शक्यता जास्त. म्हणजे फॉरवर्ड ज्याला वाया गेलेली वर्षं म्हणतो, तेच खरं भांडवल.

बरं, ती दोन नावं सॉफ्टवेअरवाल्यांची. तिथे चूक झाली तर रात्रीत दुरुस्त करता येते. रक्ताच्या तपासणीत चूक झाली तर रुग्णाला चुकीचं औषध जातं. प्रयोगशाळेच्या धंद्यातलं कॉलेज सोडल्याचं उदाहरणच हवं असेल तर एलिझाबेथ होम्स घ्या. 2003 मध्ये, 19 व्या वर्षी थेरानोस काढली, स्टॅनफर्ड सोडलं, बोटातल्या थेंबभर रक्तावर ढीगभर तपासण्या करू म्हणाली. तंत्र चाललंच नाही. 2022 मध्ये गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल अकरा वर्षांहून जास्त शिक्षा झाली. हे नाव त्या फॉरवर्डमध्ये कसं नाही?

"शास्त्रज्ञाला धंदा कळत नाही." हर्बर्ट बॉयर प्राध्यापक होते, चाळिशीला टेकलेले, जेव्हा 1976 मध्ये रॉबर्ट स्वॉन्सनबरोबर त्यांनी जेनेन्टेक ही जैवतंत्रज्ञानाची कंपनी काढली. धंद्याची बाजू स्वॉन्सनने सांभाळली. जोडीदार शोधायचं कळलं तरी पुष्कळ.

शेवटचं, "पेपर लिहिण्यात वेळ घालवू नका, पेटंट घ्या, पैसा आपोआप येतो." आपोआप काही येत नाही; पेटंट म्हणजे दुसऱ्याला अडवण्याचा हक्क, विकत घेणारा आपणच शोधायचा. आणि पेपर की पेटंट असा झगडाच नाही, आधी काय एवढाच प्रश्न आहे. याच बॉयर यांनी स्टॅन्ली कोहेनबरोबर जनुकं जोडण्याचं तंत्र नोव्हेंबर 1973 मध्ये छापलं, पेटंटचा अर्ज गेला नोव्हेंबर 1974 मध्ये. अमेरिकेत छापल्यानंतर एक वर्षाची सवलत असते, ती संपायला आठवडाभर उरला होता. बाहेरच्या देशांतले हक्क मात्र तोवर गेले होते. तरी परवान्यांतून साडेपंचवीस कोटी डॉलर आले, ही गोष्ट वेगळी. परिषदेत लावलेलं पोस्टरसुद्धा प्रसिद्धी धरलं जातं. त्यामुळे आधी अर्ज, मग पोस्टर, आणि थीसिस ग्रंथालयात जाण्याआधी संस्थेच्या पेटंट विभागात एक चक्कर. एवढं केलं तर पीएचडी सोडायची काय गरज?